उपासाचं चॅनेल

इजिप्तमधल्या मिन्या शहरातल्या त्या गल्लीत इन्साफबाईंच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. जन्मभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेलं, आणि दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये पोरांना बायबलचे धडे दिलेले. टाका वाकडा गेला की त्या एवढंच म्हणायच्या, "उसव आणि परत घाल." हे त्यांनी पोरींना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, एकदा तर भर सभेत बिशपांच्या चिटणिसालाही सुनावलं. पुढे नवरा गेला, मुलगा सफवत नोकरीसाठी कुवेतला गेला आणि बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या उरल्या. पण कुणी त्यांच्या एकटेपणाबद्दल हळहळलं की त्यांचं डोकं फिरे. "एकटी कुठे? खाली रवहिया आहे की!"

रवहिया म्हणजे ममदूहची आई. ती मुसलमान, या कॉप्ट, म्हणजे इजिप्तच्या जुन्या पंथातल्या ख्रिस्ती. दोघी लग्न होऊन या इमारतीत आल्या त्या जवळजवळ एकदमच. गेल्या हिवाळ्यात इन्साफबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, तेव्हा रवहियानेच आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून त्यांना उचललं. ती किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात असे. बाईंना रात्री झोप लागायची ती त्या किल्लीच्या भरवशावर. फक्त त्या ते कबूल करत नसत.

आणि एक भांडं होतं, निळ्या काठाचं. ख्रिस्ती उपासाला तूप, दूध, मांस काहीच चालत नाही, म्हणून रवहियाने ते मुद्दाम वेगळं ठेवलं होतं. तुपाचा हात त्याला कधी लागला नव्हता. तिच्या सुनेने एकदा चुकून त्यात खीर करायला घेतली, तर रवहियाने तिच्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार केला होता. "ते सफवतच्या आईचं आहे!"

दरवर्षी रमजानमध्ये रोजा सुटला की रवहिया वर यायची आणि दोघी टीव्हीवरची मालिका बघत बसायच्या. खलनायिकेला शिव्या घालायच्या, नायिकेलाही घालायच्या, शेवटी रडायच्या. यंदा पंचाईत झाली. रमजान आणि ईस्टरआधीचा मोठा उपास एकाच वेळी आले. मोठ्या उपासात बाई मालिका वर्ज्य करत आणि टीव्हीवर स्वतः विणलेली जाळी टाकून ठेवत. पण पाय अजून ठणकत होता, घरात बसून जीव उबगला होता. त्यांनी डिशवाल्याला बोलावलं.

"उपासाला चालतील तेवढी चॅनेलं ठेव. बाकीची काढ."

तो चक्रावला. "मावशी, कुठल्या चॅनेलात तूप आहे ते मी कसं ओळखू?"

"कोपऱ्यात क्रूस असेल तर ठेव, नसेल तर उडव. फार अक्कल चालवू नकोस."

क्रूसवाली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्यांतल्या एकावर कुठल्याशा परदेशातून एक चष्मेवाला माणूस सकाळपासून बोलत असे. कोट नीटस, आवाज मऊ. ना नाच, ना चुंबन, ना उघडे दंड. बाई मसूर निवडता निवडता ऐकायच्या. आधी तो वचनं वाचायचा, मग मुसलमान शेजाऱ्यांवर घसरायचा. ते हसून बोलतात त्याला भुलू नका. त्यांच्या ताटावर विश्वास ठेवू नका. अमक्या गावात काय झालं, तमक्या गावात काय झालं. खरं किती आणि तिखटमीठ किती, देव जाणे. कॉप्ट लोकांनी वाईट दिवस पाहिलेच नव्हते असंही नाही. जुन्या जखमा होत्या, आणि म्हणूनच त्याचा शब्द सहज आत शिरत होता.

बाईंना वाटे, आपण भक्तीच करतो आहोत. पण भक्तीने मन निवतं, यांचं तर सैरभैर झालं. जिन्यात पाऊल वाजलं की हातातला मसूर सांडायचा. एकच भाजी दोनदा फोडणीला टाकायच्या. चष्मेवाल्याचा आवाज बंद केला की घर खायला उठे, चालू केला की छाती धडधडे. एक दिवस त्यांनी सुतार बोलावून दाराला आतून जाड कडी बसवून घेतली.

"बाई, ही लावली की बाहेरून किल्लीने दार उघडणार नाही हं," सुतार म्हणाला.

"तेच हवंय," बाई म्हणाल्या.

कडी ठोकल्याचा आवाज खालच्या मजल्यावर गेलाच असणार. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी रवहिया निळ्या काठाचं भांडं घेऊन वर आली. रोज्याने तिचे ओठ सुकले होते. भांड्यात मसूर घातलेला गरम भात, वर तेलात कुरकुरीत तळलेला कांदा. आत टीव्ही चालू होता.

इन्साफबाईंनी भांडं हातात घेतलं नाही. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "यात तूप नाही ना?"

रवहिया बघतच राहिली. इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी आला नव्हता. तेवढ्यात आतून चष्मेवाला मऊ आवाजात ताटांबद्दल बोलला, आणि तिने शब्दन् शब्द ऐकला. तिची नजर दाराच्या आतल्या बाजूला गेली, नव्या कोऱ्या कडीवर. ती भांडं उंबऱ्यावर ठेवून जिना उतरली. सकाळी दाराच्या मुठीला एक पिशवी लटकत होती. पिशवीत किल्ली होती.

भात बाईंनी गच्चीवरच्या मांजरांना घातला होता. मांजरांनी एक शीत ठेवलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. मालिकेच्या वेळी खालून गाण्याची धून ऐकू यायची, बाई कान झाकायच्या. एकदा न्हाणीघरात पाय जरासा सरकला आणि त्यांच्या मनात आलं, आता पडले तर कोण येणार? कडी आतून, किल्ली आतच. त्या दिवशी त्यांनी आंघोळही अर्धवट सोडली.

चर्चमध्ये पापनिवेदनाला रांग होती. फादरना तिकडे अबूना म्हणत. अबूना युअन्निस वयाने सफवतपेक्षा लहान. पण पुरोहित म्हणून बाईंना "पोरी" म्हणायचे, आणि बाई ते मुकाट ऐकून घ्यायच्या. बाईंनी मान ताठ ठेवून सुरुवात केली. "अबूना, यंदा एकही मालिका बघितली नाही. कोपऱ्यात क्रूस असलेलंच तेवढं लावते."

"छान. आणि पोरी, ते बघून उठलीस की काय करावंसं वाटतं?"

प्रार्थना, असं सांगायचं होतं. तोंडून भलतंच आलं. "दाराला कडी लावावीशी वाटते."

अबूनांनी मान वर केली. बाईंनाच आपल्या उत्तराचा धक्का बसला होता. मग रडत रडत त्यांनी भांड्याचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं, मांजरांचंसुद्धा. अबूना बाईंच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना पुटपुटले आणि म्हणाले, "इथे माझ्यासमोर रडून काय होणार? घरी जा."

घरी येऊन बाईंनी आधी चष्मेवाल्याचं चॅनेल काढलं. मग पेचकस शोधला. मग चुलीपाशी उभं राहून सढळ हाताने तुपात शेवया परतल्या आणि त्यांत भात शिजवला. स्वतःचा उपास, त्यामुळे चाखायची सोय नव्हती. मीठ अंदाजाने घातलं. संध्याकाळी मगरिबची अजान झाल्यावर एका हातात तो भात आणि दुसऱ्या हातात घासून लखलखीत केलेलं निळ्या काठाचं भांडं घेऊन त्या दुखऱ्या पायाने एक मजला उतरल्या.

रवहियाने दार उघडलं. तोंडात खजूर होता.

"यात तूप नाही ना?" तिने विचारलं.

"आहे. भरपूर आहे. तुझ्यासाठी केलाय."

रवहियाने दारातच चिमूटभर भात तोंडात टाकला. "मिठाची खाण उपसलीस की काय, सफवतच्या आई?"

"चाखता येत नव्हतं, अगं."

"हं. आणि तो चष्मेवाला? अजून बडबडतोय?"

"काढला."

"टीव्हीतून. आणि इथून?" रवहियाने स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं.

शुक्रवारच्या पोरांना दिलं असतं तसं उत्तर बाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "थोडा उरलाय. खोटं कशाला बोलू? काल जिन्यात तुझा ममदूह खोकला तरी मी दचकले. ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याला दचकले!" आणि गल्ली जिला वचकून असे, ती बाई दारातच रडायला लागली.

रवहियाने तिचे डोळे पुसले नाहीत. "वर चल," एवढंच म्हणाली.

वर गेल्यावर तिने दाराची आतली बाजू पाहिली. कडी नव्हती. लाकडात स्क्रूची भोकं होती.

"उसवलं," इन्साफबाई म्हणाल्या.

"भोकं राहिली."

"राहतात. कापडालाही राहतात."

रवहियाने भोकांवरून बोट फिरवलं. मग तिचं लक्ष टीव्हीकडे गेलं. "आता काय बघणार आहेस? कोपऱ्यात क्रूस शोधून?"

"तू शेजारी बसलेली असताना लावायची लाज वाटणार नाही, ते."

"मग फार थोडं उरेल, बाई."

"उरू दे."

रवहियाने हात पुढे केला. इन्साफबाईंनी किल्ली दिली. ती गळ्यातल्या दोऱ्यात ओवून, दार सताड उघडं टाकून, रवहिया आपलं ताट आणायला खाली गेली.