कोडोलीच्या पानावरची अर्धी गाणी

ललिता कोल्हापुरात एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. तिचे वडील, आबा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. तरुणपणी ते जलशात ढोलकी वाजवायचे. गावोगाव म्हटलेली गाणी त्यांनी वह्यांत उतरून ठेवली होती. २००८ साली ललिता ती टाईप करून ब्लॉगवर टाकू लागली. पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या भावानं, प्रसेनजीतनं, ब्लॉग उभा करून त्यावर एक तयार थीम, म्हणजे पानांची आयती मांडणी, बसवून दिली होती. ललितानं प्रत्येक गावाची वेगळी कॅटेगरी केली.

पण गावाच्या नावावर क्लिक केलं की पान भलतंच यायचं. वर इंग्रजीत 'आर्काइव्ह', खाली प्रत्येक गाण्याच्या चार ओळी आणि तीन टिंबं. आबा म्हणाले, "कडवं पुरं न्हाय तवर दुसरंच गाणं सुरू. असं कोण म्हणतं?"

ललितानं नेटवर वाचून थीमच्या कोडच्या फाईलला हात घातला. कुठंतरी एक अर्धविराम राहिला आणि अख्खा ब्लॉग पांढराफटक पडला. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. प्रसेनजीतनं रविवारी तो अर्धविराम टाकून दिला. मग तिनं कॅटेगरीसाठी वेगळी फाईल केली, महिनाभर झटली. शेवटी पान जमलं: वर 'कोडोली', खाली म्हणणाऱ्यांची नावं आणि सगळी गाणी पुरी.

आबांनी लगेच कोडोलीला पिराजींना पान बघायला यायचा निरोप धाडला. जलशातले आता ते दोघंच उरले होते. पिराजी मुख्य गाणारे.

ते यायच्या आदल्या संध्याकाळी थीमची नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसली. ललितानं बटण दाबलं.

सकाळी पिराजी येऊन खुर्चीत बसले. तिनं पान उघडलं, तर चार ओळी आणि तीन टिंबं. तिनं बाहेर जाऊन भावाला फोन लावला.

"ताई, अपडेट केलं की थीममधलं आपलं सगळं पुसलं जातं. कॉपी ठेवलीस का?"

तिनं ठेवली नव्हती. तो प्रवासात होता, लगेच दुरुस्त करणं त्याला जमणार नव्हतं.

पिराजींना वाचता येत नव्हतं. ललितानं ओळी वाचल्या आणि थांबली. "एवढंच हुतं व्हय माझं गाणं?" त्यांनी विचारलं. पुरं गाणं उघडायला तिनं क्लिक केलं, पण नेट गेलं होतं. आबांनी वही काढली, तर पिराजींनी हात हलवला. "वहीतलं ठावं हाय की. ह्यात दिसतंय का बघाय आलतो."

जेवून ते दुपारच्या गाडीनं गेले.

पंधरवड्यानं प्रसेनजीतनं बदल पुन्हा केले, अपडेटनं पुसणार नाहीत असे. तोवर पिराजींचे गुडघे धरले होते, प्रवास बंद. ललिता कोडोलीला गेली. तिथला नेट कॅफे वरच्या मजल्यावर होता आणि त्यांना जिना चढवेना. तिनं एकटीनंच वर जाऊन पान पाहिलं, मग त्यांच्या घरी येऊन सांगितलं की आता सगळी गाणी पुरी दिसतात.

"दिसत्यात न्हवं? मग झालं," ते म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. त्यांना ते खरं वाटलं की नाही, हे ललिताला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.