गढ्याच्या मिस्त्रीची चेसिस

नोकरीत किती गुन्ह्यांचा तपास केला ते आता सांगता यायचे नाही, पण मटार वाहणाऱ्या एका जुन्या पिकअप गाडीचे प्रकरण मला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आठवते. आठवते, कारण त्यात मी चुकलो होतो.

बांगलादेशची लढाई चालू होती. जबलपूर हे कारखान्यांचे शहर. तोफांचे, लष्करी गाड्यांचे, दारूगोळ्याचे काम रात्रंदिवस चाले. हवाई हल्ल्याच्या भीतीने ठाण्याच्या खिडक्यांना आम्ही काळे कागद चिकटवले होते, त्यामुळे भर दुपारीही टेबलावर दिवा लागे. शहरात संशयाची साथ पसरली होती. अमका परदेशी रेडिओ ऐकतो, तमक्याच्या गच्चीवर तार आहे, असे सांगणारे रोज येत. बहुतेक निरोप जुन्या भांडणातून आलेले असत. मी तेव्हा नवा दरोगा, म्हणजे फौजदार, होतो, आणि भांडण कोणते व गुन्हा कोणता हे ओळखण्याची अक्कल अजून आलेली नव्हती.

एका सकाळी फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. "गढ्यातल्या एका मिस्त्रीनं जुन्या पिकअपखाली लष्करी डेपोतून चोरलेली चेसिस घातली आहे. डाव्या बाजूला, पुढच्या चाकामागे पाहा. नंबर घासलेला आहे."

चेसिस म्हणजे गाडीचा कणा. इंजिन, चाके, वरची बॉडी, सगळे त्या लोखंडी सांगाड्यावर बसते. तिच्यावर ठोकलेला नंबर गाडीच्या कागदांशी जुळावा लागतो. मी दोन शिपाई घेऊन गढा या जुन्या वस्तीत गेलो. अरुंद गल्लीच्या तोंडाशी पिकअप उभी होती. वरची बॉडी म्हातारी, पत्रा जागोजागी ठिगळ लावलेला. खाली मात्र ताज्या काळ्या रंगाची दणकट चेसिस. डाव्या बाजूला, चाकामागे, तळहाताएवढी जागा कानशीने गुळगुळीत केलेली. नंबर नव्हता.

मिस्त्री साठीच्या घरातला, बुटका, रुंद खांद्यांचा. मी पंचनामा केला, गाडी जप्त केली आणि त्याला ठाण्यात आणले.

चौकशी मी हिंदीत सुरू केली. त्याने टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली आणि मराठीत उत्तर दिले. "जुनी चेसिस गंजून गेली होती साहेब. बोट लावलं की पापुद्रे निघत. मी नवी बनवली."

"बनवली? चेसिस कारखान्यात बनते."

"कारखान्यात बी माणसंच बनवतात ना."

"नंबर कुठे गेला?"

"नव्हताच, तर जाईल कुठं?"

मला ते उत्तर उर्मट वाटले. मी उठलो आणि त्याच्या कानशिलात मारली. तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता. तो हलला नाही. माझ्याकडे बघत एवढेच म्हणाला, "काहून मारून राहिले साहेब? विचारा ना. मी सांगूनच तर राहिलो." त्यानंतर त्या दिवशी माझ्या एकाही प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही.

ठाण्याचे प्रमुख असलेल्या टाउन इन्स्पेक्टर साहेबांना घाई होती. लष्करी माल पकडल्याची बातमी शहरभर झाली होती. त्यांनी मिस्त्रीला समोर उभे करून सांगितले, "तुझा मुलगा तोफांच्या कारखान्यात आहे. कबूल केलंस तर त्याचा गेटपास राहील असं बघतो. नाही तर त्याचीही नोकरी गेली समज."

मिस्त्रीचा चेहरा त्या वेळी पहिल्यांदा बदलला. तो म्हणाला, "चोराचा पोरगा म्हणून नोकरीत राहण्यापरीस त्यानं घरी बसावं. लिहून घ्या तुमचं काय ते. मी अंगठा लावणार नाही, सही बी करणार नाही."

आम्ही मॅजिस्ट्रेटकडून रिमांड घेतला. डेपोला माहितीसाठी पत्र पाठवले. लढाईच्या धामधुमीत उत्तर येण्याची आशा नव्हती.

तिसऱ्या दिवशी जवळच्या सिहोरा गावाहून बसने एक बाई आली. पिकअप तिची होती. नवरा वारल्यावर ती स्वतः मटार भरून ती गाडी जबलपूरच्या मंडईत पाठवत असे. आम्ही तिचा शोध घेत होतो. ती आपणहून आली आणि थेट माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"दरोगा जी, गाड़ी हमारी है। पकड़ना है तो हमें पकड़ो। मिस्त्री जी को काहे बैठा रखा है?"

तिने पदराच्या गाठीतून एक कागद काढला. परिवहन कार्यालयाची पोच होती ती. चेसिस बदलली आहे, तपासून नंबर ठोकून द्यावा, असा अर्ज तिने जप्तीच्या दोन आठवडे आधी दिला होता. ती गुळगुळीत जागा नंबर घासून झालेली नव्हती. नंबर ठोकता यावा म्हणून मिस्त्रीने ती तयार ठेवली होती. जुनी गंजकी चेसिस तिच्या शेतात पडली होती. मी शिपाई पाठवून तिचा पुढचा तुकडा मागवला. कागदांवरचा नंबर त्यावर स्पष्ट होता.

मी कोठडीशी गेलो. "मिस्त्री, अर्जाचं आधी का नाही सांगितलं तुम्ही?" 'तू'चे 'तुम्ही' कधी झाले ते मलाही कळले नाही.

"तुम्ही अर्ज विचारला काय? तुम्ही नंबर विचारला, अन् हात उचलला."

साहेब मात्र ऐकेनात. "पावतीने अर्ज सिद्ध होतो. लोखंड कुठून आलं ते नाही. असली चेसिस गल्लीत बनत नाही."

हे मी मिस्त्रीला सांगितले तेव्हा तो गजांपाशी आला. "अच्छा? चलो, मग हात मोकळे करा माझे. माझी भट्टी आणा, हत्यारं आणा. तुमच्या अंगणात बनवून दाखवतो. पाहाल तर पाहा, नाही तर फाशी द्या."

साहेब बाहेर होते. मी त्यांना विचारले नाही. विचारले असते तर नाही म्हणाले असते. गढ्यातून त्याची भट्टी आणि हत्यारे आणवली, आणि दुपारच्या उन्हात ठाण्याच्या अंगणात भट्टी पेटली. पंच म्हणून शेजारचा दुकानदार आणि सुट्टीवर घरी असलेला कारखान्यातला एक फोरमन बोलावला. मिस्त्रीने पन्हळीच्या आकाराचे दोन लोखंडी चॅनल घेतले, मोजून कापले, लालभडक करून ऐरणीवर वाकवले. मागच्या चाकांच्या आसावरून चेसिसला जी उंच कमान लागते ती त्याने नुसत्या नजरेने साधली. मग आडवा तुकडा लावून रिव्हेट, म्हणजे जाड लोखंडी खिळे, ठोकायला घेतले. भोकातून तापलेले रिव्हेट, त्यावर लोखंडी ठसा, आणि वर घणाचे चार घाव. की रिव्हेटचे डोके गोल. ठाण्यातले सगळे काम थांबले होते. तीन दिवस गप्प असलेला माणूस आता अखंड बोलत होता. लोखंड किती लाल हवे, घाव कुठे हलका द्यायचा, सगळे शिपायांना समजावत होता.

फोरमन वाकून रिव्हेटकडे बघत होता. त्याने मला जवळ बोलावले. "साहेब, मिस्त्रीच्या हातातला ठसा बघा. कडेला टवका उडालाय." त्यामुळे प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर, काठाशी, तांदळाच्या कणीएवढा उंचवटा उठत होता.

आम्ही तसेच पिकअपखाली शिरलो. मी काळा रंग खरवडला. पहिल्या रिव्हेटवर कणी होती. दुसऱ्यावर होती. एकूण एक रिव्हेटवर ती कणी होती. कारखान्याच्या यंत्रातून असली चेसिस बाहेर पडणे शक्य नाही, असे फोरमनने पंचनाम्यात लिहून दिले.

मग मी मिस्त्रीला विचारले, "तुमच्यावर डूख धरील असा कोणी?"

"एक भंगारवाला हाय. कमानिया गेटपाशी दुकान, शहराबाहेर गोदाम. दोन महिन्यांमागं आला, म्हणाला चेसिसचे नंबर घासून नवे ठोकून दे. मी हाकलला. तुम्ही मला आणलं त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा आला होता, तेव्हा ही गाडी पाहून गेला."

"हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं!"

"तेव्हा सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाले असते, स्वतः सुटाले दुसऱ्याचं नाव घेऊन राहिला."

खरे होते. मी तेच म्हणालो असतो.

गोदामावर छापा घातला. घासलेल्या नंबरांच्या दोन चेसिस मिळाल्या. प्रयोगशाळेत आम्ल लावल्यावर पुसलेले आकडे पुन्हा उमटले. माल डेपोचाच होता. भंगारवाल्याने फोन केल्याचे कबूल केले. मिस्त्री अडकला असता तर डेपोच्या चोरीचा तपास त्याच्यावरच संपला असता, हा त्याचा हिशेब.

मिस्त्रीला सोडण्याचा हुकूम आला. मी त्याला म्हणालो, "जा आता घरी." तो बाकावर बसून राहिला.

"ज्या वहीत चोर म्हणून आणलं लिहिलं, त्या वहीत निर्दोष लिहा. अन् मारलं ते बी लिहा. पोराले दाखवायचं हाय."

वही लिहिणारा मुन्शी माझ्याकडे बघू लागला. मी ती वही, ठाण्याचा रोजनामचा, ओढला आणि माझ्या हाताने लिहिले: चौकशीत मी यांना विनाकारण थप्पड मारली, आरोप खोटा निघाला. खाली सही केली. मिस्त्रीने चष्मा लावून दोनदा वाचले, नक्कल मागून घेतली आणि रामराम न करता निघून गेला.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावले. "ते पान बदल."

"पानांवर छापील क्रमांक आहेत, सर. फाडायचं असेल तर तुमच्या सहीनं फाडा."

त्यांनी फाडले नाही. माझी मात्र विभागीय चौकशी झाली, एक वेतनवाढ थांबली आणि बदली दूरच्या जिल्ह्यात झाली. मी अपील केले नाही. शिक्षा योग्य होती. फक्त ज्या कारणासाठी दिली ते कारण चुकीचे होते. मारल्याबद्दल नव्हे, लिहिल्याबद्दल मिळाली ती.

पुढच्या सगळ्या नोकरीत मी संशयिताला पहिला प्रश्न वेगळा विचारत गेलो. कुठे होतास, कोणाबरोबर होतास, हे नंतर. आधी विचारायचो, काम काय करता आणि ते कसे करतात, मला समजावून सांगा. कुठे होतो याबद्दल माणूस बेमालूम खोटे बोलतो, पण जे काम केलेच नाही ते सांगताना दोन वाक्यांत अडखळतो. ज्याने केले आहे त्याला थांबवावे लागते. काही सहकारी या पद्धतीला हसत. मी त्यांना हसू दिले.

आणखी एक सांगतो. कोठडीत मान वर करून बसणाऱ्याला आमच्या खात्यात मुजोर म्हणतात, आणि रिपोर्टात तसे लिहितातही. त्या हिवाळ्यानंतर मी तो शब्द कधी लिहिला नाही. मान ताठ असायला दोन कारणे असू शकतात, एक मुजोरी आणि दुसरे निर्दोषपण. दुसरे कारण तपासायचे काम पोलिसाचे आहे, आणि ते काम हात खिशात ठेवूनच होते.