हनीफचाचांची गहाण पेटी

परवा परंड्यात किल्ला बघायला उतरलो, आणि किल्ला सोडून भलतंच बघून आलो...

स्टँडमागच्या गल्लीत रंग उडालेली 'फायनान्स' अशी पाटी, आणि आतून पेटीचे सूर. मला कुठं राहवतंय... डोकावलो. गादीवर सत्तरीचे वसंतशेठ, समोर पेटी वाजवणारे हनीफचाचा. भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या.

चहा आला आणि मी विचारलंच, फायनान्सच्या दुकानात पेटी कशी काय?

शेठ आधी वस्तू गहाण ठेवून पैसे द्यायचे. कलावंत अडचणीत आले की वाद्यंच आणून ठेवायचे. पण पेटी पडून राहिली की भाता कडक होतो, ढोलकीचं कातडं बिघडतं. माल खराब व्हायला नको म्हणून शेठनी सगळ्यांना सांगून टाकलं, दर बेस्तवारी, म्हणजे गुरुवारी, यायचं आणि आपापलं वाद्य वाजवून जायचं.

"मालाच्या काळजीनं ऐकत होतो. गोडी कवा लागली, कळलंच न्हाय," शेठ म्हणाले.

आधी व्याज घेणं सुटलं, मग धंदाच; वाद्यं आणि बेस्तवारची बैठक मात्र तशीच राहिली. आता कुणाची ढोलकी फाटू दे, कुठल्या गाण्याच्या पार्टीला गाडीभाडं कमी पडू दे... शेठ आहेतच.

दुसऱ्या दिवशी शेठचं सोलापूरला बायपासचं ऑपरेशन होतं. म्हणून त्यांनी सगळी वाद्यं ज्याची त्याला देऊन टाकली होती. राहिली होती ही पेटी. दुकानाची किल्लीसुद्धा शेजारच्याला द्यायला म्हणून गादीवर काढून ठेवलेली.

"घेऊन जा चाचा. माझा काय भरवसा?"

"न्हाय नेत."

"अहो, तुमचं सगळं कवाच फिटलंय."

चाचांनी भाता मिटला, पेटी उचलून फळीवर ठेवली, वर फडकं टाकलं. "फिटलं असंल. पण गहाण माल मालकाच्या हातात द्यायचं काम सावकाराचं. बरे होऊन या आन् तुमीच द्या."

"तवर भाता कडक होईल की."

"होऊ द्या. माल तुमच्या ताब्यात हाय, काळजी तुमी करा."

चाचा चपला घालून गेले पण. शेठनी उठून ते फडकं नीट केलं. मग मला म्हणाले, "लई हट्टी माणूस." आणि गादीवरची किल्ली उचलून स्वतःच्या खिशात टाकली...

माझी कुर्डूवाडीची एसटी गेली ती गेलीच. मी एका गावाला सहसा दुसऱ्यांदा जात नाही. पण परंड्याला एका बेस्तवारी परत उतरणार आहे... किल्ला कुठं पळून जात नाही, मला फक्त ती पेटीची फळी रिकामी झालेली बघायचीय.