खोडलेले ठोके

मी लिहिणारी नाही, म्हणून आधीच माफी मागते. आमच्या घरात सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. मी लिहिलं ते नर्सिंगच्या परीक्षेत, इंग्रजीत, पाठ करून. शिवाय जे सांगायचंय त्यात माझाही हात आहे. अशा बाईनं तोंड उघडावं का, हे मला अजून नीट कळत नाही. तरी लिहिते.

मारतहळ्ळीच्या एका दवाखान्यात तीन वर्षं नर्स म्हणून काढल्यावर मी पुढे शिकायला बेंगळुरूतल्याच एका मोठ्या रुग्णालयात आले. नोंदणी झालेल्या नर्सला दीड वर्ष शिकवून मिडवाइफ करतात, तो अभ्यासक्रम. म्हणजे साधी प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर करणारी, शिकलेली सुईण. आम्ही सहाजणी होतो.

पहिल्याच आठवड्यात प्रसूतीकक्षात आमच्या डॉक्टर मॅडमनी नावं विचारली. माझ्या आडनावावर त्या थांबल्या. आणि मराठीत बोलल्या. जयनगरातल्या जुन्या मराठी घरातल्या त्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. मोठ्या माणसाच्या तोंडून मराठी ऐकून मला किती महिने झाले होते. डोळ्यांत पाणी आलं. गाव कुठलं, आईवडील काय करतात, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, उदगीरजवळचं गाव. आई बाळंतपणं करते. अभिमानानं सांगितलं.

"म्हणजे नाळ कापायची, वार पुरायची, ते तुमच्यातच असतं," मॅडम म्हणाल्या. "मग ती बादली तूच ने. तुला किळस यायची नाही."

एक बाई नुकतीच मोकळी झाली होती. वार स्टीलच्या बादलीत होती. मॅडम हे हसत हसत म्हणाल्या. बाकीच्या पाचजणींना मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं, दोन गाववाल्या भेटल्या. त्याही हसल्या.

मीही हसले. बादली उचलली आणि हसतच बाहेर गेले.

त्या दिवसापासून बादली माझी. केरळची जिन्सी एकदा म्हणाली, रोज तूच का? मी म्हटलं, मला सवय आहे.

आता आलेखाचं सांगते. बाई कळा देत असते तेव्हा तिच्या नावाचा एक कागद असतो. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके मोजून त्यावर टिंब द्यायचं. टिंबं जोडली की रेष होते. रेष खाली घसरली तर बाळ संकटात आहे, थांबायचं नाही. आमच्याकडे एक रीत होती. विद्यार्थिनींनी आलेख पेन्सिलनं भरायचा. बाळंतपण उरकलं की मॅडम बघणार, मग आम्ही पेननं गिरवणार. का, असं आम्ही कधी विचारलं नाही. शिकाऊ माणसाच्या चुका होतात, असं वाटायचं.

रेणुका तुमकुरूकडून आलेली. पहिलटकरीण. नवरा बांधकामावर. मला ती अक्का म्हणायची. कळ आली की माझं मनगट धरायची, आणि सुटली की लाजायची.

दुपारी बारा वाजता ठोके एकशे चाळीस. साडेबाराला एकशे दहा. एक वाजता शहाण्णव. मी पुन्हा मोजले. शहाण्णवच. ड्यूटीवरचा डॉक्टर मॅडमच्या शब्दाशिवाय काही करत नसे. तो म्हणाला, त्यांना विचार. मॅडम व्हाइटफील्डला स्वतःच्या क्लिनिकमध्ये होत्या. मी फोन केला. आकडा सांगितला.

"स्वल्प थांब गं. पहिली खेप आहे, वेळ लागणारच. सुईणीसारखी घाई करू नकोस."

मी थांबले. खरं तेच लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते. ते ‘सुईणीसारखी’ मला लागलं आणि मी गप्प झाले. दुसऱ्या कुणाला हाक मारली नाही. वरच्या मजल्यावर दुसरे डॉक्टर होते. जिना चढायचा होता फक्त.

दीड वाजता चौऱ्याऐंशी. मी पुन्हा फोन केला. मॅडम वाहतुकीत अडकल्या होत्या. दोन वाजता मी यंत्र पोटावर सगळीकडे फिरवलं. ठोके सापडले नाहीत.

वीस मिनिटांनी मुलगी झाली. सगळी बोटं, सगळी नखं. आम्ही खूप प्रयत्न केले.

"अक्का, मगु याके अळ्तिल्ला?" रेणुका विचारत होती. बाळ रडत का नाही.

पावणेतीनला मॅडम आल्या. त्यांनी आलेख पाहिला, मला बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. आवाज अगदी मायेचा. म्हणाल्या, अशा गोष्टी अचानक होतात, कुणाचा दोष नसतो, पण कागद असा राहिला तर पहिली तू अडकशील. माझ्या हातात खोडरबर दिलं.

"आपलीच आहेस म्हणून सांगते."

मी खोडलं. एकशे दहा, शहाण्णव, चौऱ्याऐंशी. तिथे एकशे चाळीस, एकशे अडतीस, एकशे बेचाळीस लिहिलं. मग पेननं गिरवलं. माझं अक्षर चांगलं आहे. खाली सही केली. नवऱ्याला सांगण्यात आलं, शेवटपर्यंत सगळं नीट होतं.

त्यानंतर माझं काही नीट राहिलं नाही. मेट्रोत बसले की चाकांचा आवाज मोजू लागते. मिनिटाला किती. कमी होतात का. दुसऱ्या कुणा बाईच्या पोटावर यंत्र ठेवलं आणि क्षणभर ठोका लागला नाही की ती खोली, ते दार, ती माया. बाजारात कुणी अक्का म्हटलं तरी मी वळून बघत नाही.

शेवटी आईला फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, शिक्षण पूर्ण कर, गप बस. पण ती म्हणाली, "मला अंगणातच उभं करत व्हते. पाणी वरून वतत व्हते. पर मेलं लेकरू असंल तर का मेलं, ते मी त्या मायला सांगितल्याबिगर कधी घरी आले न्हाई."

तिनं फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी तसंच झालं. दुसरी बाई, पुन्हा उशीर. ते बाळ वाचलं. पण आलेखात उशीर दिसत होता. मॅडम सगळ्यांसमोरच मराठीत म्हणाल्या, ती रेष स्वल्प सरळ कर. जशा त्या नेहमी माझ्याशी बोलायच्या, हसून. बाकीच्यांना कळू नये असं.

मी हिंदीत बोलले. सगळ्यांना कळावं म्हणून.

"मॅडम, मैं नहीं मिटाऊँगी. रेणुका का भी आपके कहने पर मिटाया था."

कुणी हसलं नाही. जिन्सीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. मॅडम मराठीत एवढंच म्हणाल्या, "शेवटी जातीवर गेलीस."

त्या दिवशी बादली मी उचलली नाही. ती तिथेच राहिली, आणि शेवटी आया घेऊन गेली.

त्याच आठवड्यात मी रुग्णालयाच्या चौकशी समितीला अर्ज दिला. काय होतं, काय खोडलं, कुणी सांगितलं, कुणी खोडलं. स्वतःचं नाव आधी लिहिलं. मी केलेल्या प्रसूतींच्या नोंदवहीवर मग मॅडमनी सही केली नाही. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. पाचजणी बसल्या. मी खोलीत समितीच्या उत्तराची वाट पाहत राहिले, चार महिने.

काल पत्र आलं. इंग्रजीत. तीनदा वाचलं. विद्यार्थिनीनं आलेखात फेरफार केल्याची सुनावणी, सोमवारी अकरा वाजता. आरोपाखाली एकच नाव आहे, माझं. चौकशी करणाऱ्या तिघांत मॅडम आहेत. नर्स म्हणून माझी नोंदणी रद्द करा, असं नर्सिंग कौन्सिलला कळवायचं का, हे ते ठरवणार.

ती गेली तर मला गावाकडेही सुई टोचता येणार नाही. हे मला माहीत आहे. मी घाबरलेली आहे.

रेणुकाच्या नवऱ्याला फोन करून मी दोघांनाही बोलावलंय. तो विचारत होता, कशाला. सोमवारी त्या तिघांसमोर, रेणुकाकडे बघून, तिच्या कन्नडमध्ये सांगणार आहे: एक वाजता तुझी मुलगी जिवंत होती, आणि हे मला माहीत होतं.