मधूच्या जीपचे जादा पाटे

जीप घेऊन आडवाटेला निघणाऱ्यांनो, आधी माझं ऐका. मी जन्माचा संशयखोर, आणि पन्नासच्या दशकातल्या त्या फेरीत हा स्वभाव मला चांगलाच भोवला.

माझ्या आतेभावानं, मधूनं, लिलावातली जुनी लष्करी जीप घेतली होती. माझी धाकटी बहीण शांता सात महिन्यांची पोटुशी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला वर्ध्याला आणायचं होतं. सासर नाचणगावच्या पुढे तीन कोस, सगळी काळी माती, त्यात फाल्गुनात अवकाळी पडलेला.

"गाडीत काय न्याचं हाये?" वर्ध्याच्या मिस्त्रीनं विचारलं.

बाळंतपणाची घाई कळली तर हा दाम वाढवेल, असं मनात येऊन मी ठोकून दिलं, "ज्वारीची पोती."

त्यानं जाड टायर बसवले, स्प्रिंगच्या पाट्यांत तीन जादा पाटे घातले. "लुटून राह्यला तुले," मी मधूच्या कानात म्हटलं. मधूनं तरी पैसे दिले.

देवळीला गरम भजी आणि चहा घ्या, तेव्हा चार आण्यांत दोघांचं भागलं. तिथवर रस्ता बरा, तरी माझी कंबर पार ढिली झाली. पुढे गाव दिसू लागलं आणि जीप रुतली. जाड टायरांना माती अशी चिकटली की चाकं जागीच फिरायला लागली.

शेतातून शांताचे सासरे आले आणि वाकून टायरची हवाच सोडायला लागले.

"अहो मामाजी, हवा काऊन सोडता?" मी ओरडलो. सून पाठवायची नाही म्हणून हा डाव, माझी खात्रीच पटली. त्यांनी चाकांखाली वाळल्या पऱ्हाट्यांचे, कपाशीच्या काड्यांचे, भारे घातले आणि हवा कमी होऊन पसरलेल्या टायरांवर जीप निघाली. मी तोंडदेखलं हसलो.

दुसऱ्या दिवशी भाकर-झुणका झाल्यावर ते म्हणाले, "या गाडीत पोरीले नाई पाठवत."

"पाह्य! मी काय म्हणत होतो?" मी मधूला म्हटलं, आणि चिडून शांताला जीपमध्ये बसवलंच.

दोन फर्लांगही गेलो नसू. शांता पदर तोंडात धरून बसली होती. एकदम म्हणाली, "भाऊ, थांबव. कळ आली."

तिला बाभळीखाली बसवलं. मागे पाहतो तो मामाजींची बैलबंडी येत होती, आत कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर, वर गोधडी. "तुमी ऐकनार नाई, मले माहीत होतं," ते म्हणाले. त्यांच्यापुढे मान वर करायची मला लाज वाटली.

कळ थांबली. बैल सावकाश पुलगाव स्टेशनापर्यंत गेले, तिथून पॅसेंजरनं आम्ही वर्धा गाठलं. मागून मधू जीपमधून तिची ट्रंक तेवढी घेऊन आला.

वैशाखात शांता सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. तरी माझा राग जाईना. जादा पाट्यांनीच जीप दगडासारखी कडक होऊन आदळली, म्हणून भांडायला मिस्त्रीकडे गेलो.

त्यानं हात पुसले. "पोतीच म्हनलं होतं ना तुमी? बाई बसनार म्हनून सांगतलं असतं, तं एकबी पाटा टाकला नसता, भाऊ."