टोमॅटोची वळलेली पानं

शिंपीकाकांनी म्हातारपणी दुकान आवरलं आणि गच्चीवर टोमॅटो लावले ते थोरल्या बहिणीसाठी. ताईचं मोठं आजारपण नुकतंच सरलं होतं. त्यातून उठताना तिनं एकच हट्ट धरला होता, यापुढे पोटात जाईल ते सेंद्रियच. पाकिटावर तो शब्द नसला की ती पाकीट मागे सारायची. शेजारणीनं आणून दिलेलं तर हातही न लावता परत जायचं. तिच्या जिवाची धास्ती काकांनी कधी बोलून दाखवली नाही. त्यांनी कुंड्या भरल्या.

खतही आणलं ते 'शुद्ध सेंद्रिय' छापलेलंच. रोपं हातभर झाली आणि शेंड्याची पानं आखडायला लागली. पाणी जास्त झालं असेल म्हणून पाणी तोडलं. कीड असेल म्हणून भिंग लावून पाहिलं, तर किडीचा मागमूस नव्हता. पानं मात्र मुठीसारखी वळत चालली. खत पुरलं नाही म्हणून एक रोप नुसत्या मातीत लावलं होतं, तेवढं ताठ उभं होतं. काकांच्या मनात पाल चुकचुकली.

खताची रिकामी पिशवी सायकलला अडकवून ते खतवाल्याकडे गेले, भांडायच्या तयारीनंच. पण गडी निघाला ऐकून घेणारा. आपल्या हातून रसायनाचा कणही पडत नाही, असं त्यानं सांगितलं, आणि शेण कुठून येतं ते दाखवायला स्वतःच त्यांना गोठ्यावर घेऊन गेला. गोठेवालीनं गाई जिवापाड जपल्या होत्या. चारा मात्र विकतचा होता. चारेवाल्याला फोन लावल्यावर गाठ सुटली. कुरणात रुंद पानांचं तण माजलं होतं, म्हणून त्यानं तणनाशक मारलं होतं. गवत त्याला दाद देत नाही. पण ते औषध गाईच्या पोटातून शेणात उतरतं, शेणातून खतात, आणि भोवतं टोमॅटोला, कारण त्याचीही पानं रुंदच. औषध परवानगीचं आहे, चोरून मारलं नाही, असं तो म्हणाला, आणि तेही खरंच होतं.

परतताना काका सायकल हातात धरून चालत आले. भांडायला कुणी उरलंच नव्हतं. दुकानात त्यांनी कितीतरी सदऱ्यांच्या गळ्यामागे 'शुद्ध सुती' अशी पट्टी शिवली होती. कापड सुतीच असायचं, पण ती पट्टी ज्यानं शिवली तो धागा सुती नव्हता, आणि तसं कुणी विचारलंही नव्हतं.

ताईला सांगावं की नाही, या विचारात त्यांनी दोन घास कमीच खाल्ले. शेवटी सांगितलं. 

"मग 'सेंद्रिय' या शब्दाचा अर्थ तरी काय?" तिनं विचारलं.

"ज्यानं छापला, त्यानं आपल्या हातानं काही घातलं नाही, एवढाच. आधीच्या हातांचं तो बापडा काय सांगणार?"

"मला वाटायचं, माझं काहीतरी खाण्यातच चुकलं असणार," ताई म्हणाली. "निवडून खाल्लं, की ते दुखणं परत फिरकणार नाही."

 काकांनी उठून चहा ठेवला. ताईनं डोळे पुसले आणि साखर नेहमीसारखी घाल, म्हणून सांगितलं.

खतवाल्यानं त्या खताचा उरलेला ढीग विकला नाही. आता तो प्रत्येक ढिगातलं मूठभर खत मातीत कालवून त्यात घेवडा पेरतो, आणि पानं सरळ निघाली तरच पिशव्या भरतो. तोवर थांबावं लागतं म्हणून गिऱ्हाईकं कुरकुरतात. काकांनी वळलेली रोपं उपटली. नुसत्या मातीतलं रोप फळाला आलं, तेही बेताचंच.

ताई अजूनही पाकिटं उलटून वाचते. सवय काही एका दिवसात जात नाही. पण कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून ती हल्ली सुटी भाजी आणते. कुठून आली, काय मारलं, हे विचारते आणि "ठाऊक नाही" हे उत्तरही ऐकून घेते. घरी आल्यावर भाजी दोनदा धुते. परवा शेजारणीनं दोघांना जेवायला बोलावलं. काका कावऱ्याबावऱ्या नजरेनं बहिणीच्या ताटाकडे बघत होते. तिनं काही न विचारता जेवायला सुरुवात केली, आणि मग दुसऱ्यांदा मागून घेतलं.