बियरआक्काचा पहिला नंबर

बियरआक्का रोज सकाळी पहिली बाटली स्वतः प्यायची, आणि खणखणीत ढेकर आला तरच दुकान उघडायची. ढेकर आला नाही तर गाड्याची फळी खाली पडायची नाही. गिऱ्हाईक उभं असलं तर उभंच. "आज न्हाय. आज ती रुसलीया," असं म्हणून बरणीकडे बोट दाखवायची. निपाणीत यष्टी थांबायच्या तिथं फाटकाशी एक चिंचेचं झाड होतं, त्याच्या सावलीत हा कारभार. कोल्हापूरच्या गाडीचा कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. ढेकर ऐकला की उतरून बाटली घ्यायचा, मगच गाडी हलायची. आतली माणसं ओरडायची, तर हा म्हणायचा, "थांबा की वो, आक्काचं अजून सुटलं न्हाय."

ही बाई माझी बायको. पण अख्खं गाव आक्का म्हणतंय म्हटल्यावर मलाही तीच सवय लागली. बायकोला आक्का म्हणणारा त्या भागात मी एकटाच असेन. माझी आई एकदा भडकली. "अरं भाड्या, भन हाय का ती तुझी?" मी म्हटलं, "आई, गिऱ्हाइकं हायत म्होरं." मी तंबाखूच्या वखारीत हमाल होतो. पाठीवर बोद, म्हणजे तंबाखूचं मोठं पोतं, घ्यायचा आणि टाकायचा, त्याला चौथीपर्यंतची शाळा पुष्कळ झाली. आता ती नाही, आणि घरात बोलायला भिंती उरल्यात. म्हणून लिहितोय.

तिच्या बियरची गोष्ट अशी. तिचा बाप बेळगावात कँपात गोऱ्या साहेबांच्या स्वयंपाकघरात होता. साहेब लोक आल्याचं एक फसफसणारं पाणी करून प्यायचे, त्याला जिंजर बियर म्हणायचे. बापानं ती करायची रीत उचलली, विरजण उचललं, आणि येताना एक हिरवी गोटीची बाटलीही उचलली. नाव मात्र अर्धंच घरापर्यंत पोचलं. मी एकदा आक्काला म्हटलं, अगं, नुसती बियर म्हणू नये, जिंजर म्हणावं. तर म्हणाली, "आलं च्यातबी असतंय. च्याला कुनी जिंजर च्या म्हणतंय व्हय?" आणि पेंटरकडून गाड्यावर ठळक लिहून घेतलं: येथे हातची बियर मिळेल.

त्या पाटीनं दोन्हीकडची गिऱ्हाइकं घालवली. माळकरी लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. पिणारे लोक हौसेनं यायचे, तीन-तीन बाटल्या रिचवायचे आणि भांडायला उठायचे.

"आक्का, ही कसली बियर? चढतच न्हाय."

"चढायला ती काय माडी हाय? प्या, ढेकर द्या, वाटंला लागा."

आमच्या गल्लीत एक रिटायर गुरुजी होते. गळ्यात माळ, पोटात गॅस. त्यांना आक्काच्या बाटलीशिवाय जेवण जिरत नसे. ते यायचे आणि म्हणायचे, "आक्का, जरा आल्याचं पाणी द्या." ही ढिम्म. "बियर म्हणा, मग देते." गुरुजी चारी बाजूंना बघायचे, धोतराचा सोगा तोंडाला लावायचे आणि कानात मंतर सांगावा तसे पुटपुटायचे, "बियर." मगच गोटी आत जायची.

एकदा सरकारी साहेब तपासायला आला. पाटीवर बियर, तेव्हा परवाना दाखव म्हणाला. आक्का म्हणाली, "पिऊन बघा, मग काय ते ठरवा." साहेब चोख माणूस. एका बाटलीनं काही ठरत नाही म्हणून दुसरी प्याला, दुसरीनं नाही म्हणून तिसरी. अकरा बाटल्या झाल्या. मग चिंचेच्या बुंध्याला टेकला तो दुपारी उठला. टोपी सरळ करत म्हणाला, "मला नशा झालती काय?"

"नशा न्हाय साहेब, झोप झालती. घरी झोपू देत न्हाईत काय?"

त्यानं कागदावर लिहिलं: नशा नाही, सबब बियर नाही. मी सुटलो म्हणून हात जोडले. आक्का मात्र पेटली. "खोडा ते. कोर्टात न्या पर बियर लिवा! माझ्या बापाची बियर हाय ती." साहेब सायकलवर टांग टाकून पळाला. सरकारी माणसाला असं पळताना मी पुन्हा कधी बघितलं नाही.

बियर कशाला म्हणायचं हे साहेबानं नशेवर ठरवलं, आक्काचं माप वेगळं होतं. आलं हातानं ठेचलेलं पाहिजे. बरणीत तीन दिवस मुरलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, "ज्यानं केली त्यानं पैली बाटली प्याली पायजे. न्हायतर ती हातची न्हाय." कंपनीच्या बाटलीला ती हातही लावत नसे. "मशीन काय आपली बाटली पितंय व्हय? मग त्याला काय कळनार, बरी झाली का वाईट?" तिच्या सगळ्या बाटल्या गोटीच्या. भरून उलटी केली की गोटी घसरून तोंडाच्या रबरावर बसायची, आणि आतला वायूच तिला दाबून धरायचा. ना बूच, ना पत्र्याचं झाकण. प्यायच्या वेळी लाकडी ठोकळ्यानं गोटी आत ढकलायची, की फट्‌! त्या आवाजाला यष्टीतली झोपलेली माणसं जागी व्हायची.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावात कंपन्यांच्या नव्या बाटल्या आल्या. नारिंगी आली, काळी आली, लिंबाची आली. सगळ्यांना जागा पाहिजे ती चिंचेच्या सावलीतलीच. रोज भांडण. शेवटी तिथल्या बाजार कमिटीच्या चेअरमननं निकाल काढला: तीन दिवस मोजणी होईल, लोकांना जे पेय जास्त आवडतं त्याला सावली, बाकीच्यांनी उन्हात जावं. आवड मोजायची कशी? प्यालेल्या बाटलीचं बूच आणून डब्यात टाकायचं. एक बूच, एक मत.

आक्का पंधरा वर्षं त्या सावलीत बसलेली. उन्हात बरणी ठेवली तर विरजण मरतं, हे तिला आणि मला ठाऊक. तिच्यासाठी हा खेळ नव्हता. मोजणीला चिक्कोडीकडचा एक क्लार्क बसवला होता, भला माणूस, कानडीच जास्त बोलायचा. पहिल्या सकाळी तो गाड्याशी आला आणि म्हणाला, "मुच्चळ एल्ली, आक्का?" म्हणजे झाकण कुठं आहे?

"झाकान न्हाय, बाबा. गोटी हाय."

क्लार्क चेअरमनकडे गेला. दोघांनी पुष्कळ विचार केला. क्लार्क परत आला आणि हसून म्हणाला, "गोली नडीतैति." गोटी चालेल. आक्कानं त्याला फुकट बाटली पाजली. न्याय झाला म्हणून मीही खूश. गोटी बाटलीच्या आत असते आणि बाटली फोडल्याशिवाय बाहेर येत नाही, ही गोष्ट त्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. चेअरमन शिकलेला, क्लार्क शिकलेला, गुरुजी तर गुरुजीच. कुणाच्याच नाही.

पहिली बाटली वखारीतल्या बायकांनी फोडली. आक्काचा डबा रिकामा आणि नारिंगीचा डबा बुचांनी निम्मा भरलेला बघून त्यांना राहवेना. झाडामागं दगड होता, त्यावर आपटली, गोटी पुसली, डब्यात टाकली. मग रांगच लागली. आक्का पुढं बाटल्या उघडण्यात गुंतलेली, तिच्या फट्‌ फट्‌मध्ये मागची काच तिला ऐकूच आली नाही. जे कधी एक बाटली घ्यायचे ते मतासाठी दोन घ्यायला लागले. कंडक्टरनं गाडीत बसलेल्यांना बाटल्या वाटल्या आणि कोल्हापूरहून परत येताना तिकिटाच्या पिशवीत गोट्या खुळखुळवत आला. गुरुजींनी रुमालात बांधून सात गोट्या आणल्या आणि डब्याशी उभं राहून म्हणाले, "मी बियरला मत दिलंय," आणि आपल्याच आवाजाला दचकले. कुणी खेळायच्या गोट्याही टाकल्या. म्हणून क्लार्क एकेक गोटी नाकाला लावायचा. आल्याचा वास आला तर मत, न आला तर बाद. तीन दिवसांनी त्याच्या नाकाची सालं निघाली.

मी काय केलं ते लपवत नाही. वखारीतून दुपारच्या सुट्टीत यायचो, आक्काची पाठ वळली की दोन बाटल्या उचलायच्या आणि झाडामागं जायचं. बावीस फोडल्या. पाठीवर बोद घेताना जेवढं बळ लागत नाही तेवढं लावून फोडल्या. ती जिंकली पाहिजे, एवढंच डोक्यात.

आणि ती जिंकली. कर्ण्यावर पुकारलं: लोकप्रिय थंड पेय, प्रथम क्रमांक, हातची बियर. वखारीच्या बायकांनी ओरडून गाव डोक्यावर घेतलं. चेअरमननं रंगवलेली फळी आक्काच्या हातात दिली. तिनं ती गाड्यावर आडवी ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "बरं झालं. आता रिकाम्या बाटल्या आना गं, उद्याचं भरायचं हाय."

कुणी हललं नाही. बायका पायाच्या अंगठ्यांकडे बघायला लागल्या. कंडक्टर उगीचच घंटी वाजवून आला. आक्का झाडामागं गेली. तिथं काचेचा ढीग, गुडघ्याएवढा. मग माझ्याकडं वळली. माझ्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

"तुम्हीबी?"

"तू हरशील म्हणून गं."

"हरले असते तर उन्हात बसून का हुईना, उद्या बाटली भरली असती. आता जिंकले. भरू कशात, डोस्क्यात?"

दोनशे बाटल्यांतली एक उरली, बापाची हिरवी. ती तिच्या कनवटीशी असायची म्हणून. नव्या गोटीच्या बाटल्या मिळेनात. सोडावाले सगळे बुचाकडं वळलेले. मग लोकांच्या आग्रहानं ती बरणीतनं पेल्यात ओतून द्यायला लागली. पेल्यात वायू कुठला? नुसतं आल्याचं गोड पाणी. पण वर फळी होती ना, प्रथम क्रमांकाची. कधी नव्हे ती गर्दी. संकेश्वरहून माणसं आली, खानापूरहून आली. पेला संपवायची आणि माना डोलवायची, "काय झणका हाय! उगंच न्हाय पैला नंबर." जे लोक खरी बाटली पिऊन चढत नाही म्हणून भांडले होते, त्यांतला एक तर चार पेले पिऊन झोकांड्या खात घरी गेला.

आक्का आठ दिवस गप्प ओतत राहिली. नवव्या सकाळी हिरवी बाटली प्याली, झकास ढेकर दिला, आणि फळी उघडायच्या ऐवजी वरची नंबराची फळी उतरवली. चेअरमन धावत आला. "आक्का, असं काय करता? पैला नंबर हाय तुमचा!"

"मी सोता बियर पिते अन् ह्यास्नी सरबत पाजते. ही हातची न्हाय, चेअरमन, हातचलाखी हाय. सावली नारिंगीला द्या."

फळी काखेत मारून ती घरी आली. बरणीवर झाकण नव्हतंच, तिथं ती फळी घातली. अक्षरं खालच्या बाजूला. मी म्हटलं, अगं, नंबर वर ठेव, लोकांना दिसू दे. म्हणाली, "जिचा नंबर हाय तिलाच वाचू दे."

त्यानंतर घरच्या उंबऱ्यावर रोज एकच बाटली. ती हिरवी. पहिला घोट तिचा, मग ढेकर, मग जो येईल त्याला एक-एक घोट. गुरुजी रोज, कंडक्टर रिटायर झाल्यावर तोही. बाटली कुणाच्याही हातात गेली की आक्का तिच्याबरोबर डोळे फिरवायची, दगड कुठं आहे ते बघून ठेवायची. आणि मला मात्र सगळ्यात शेवटी द्यायची. "बावीस फोडल्यात ह्यांनी," म्हणायची. दहा वर्षं असंच म्हणाली. दहा वर्षं माझ्या वाट्याला तळाचा घोट आला, साखर साठलेला. ती मुद्दाम हलवत नसायची, हे मला फार उशिरा कळलं.

ती गेली त्या दिवशी बरणीला तिसरा दिवस होता. सकाळी आलं ठेचायच्या दगडाशी बसली आणि तशीच कलंडली. माणसं आली, नेलं, परत आलो. दिवस घातल्यावर मी फळी उचलली. खाली तिनं घातलेलं तसंच, वर बारीक बुडबुडे. हिरवी बाटली भरली, उलटी ठेवली, दुसऱ्या दिवशी ठोकळा घेऊन उंबऱ्यावर बसलो. केली तिनं, आणि पहिली बाटली प्यालो मी. तिच्या मापानं ती हातची ठरत नाही. न ठरू दे. असा ढेकर आला की समोरची म्हैस उठून उभी राहिली. मी म्हटलं, "आक्का, उघड दुकान." आत कुणी नव्हतं.

त्याच विरजणावर आता मी घालतो. आलं तेवढंच, साखर तेवढीच, दिवस तीनच. सकाळी हिरव्या बाटलीचा पहिला घोट घेतो आणि ढेकराची वाट बघत बसतो. गुरुजी काठी टेकत येतात. ते आता इकडेतिकडे बघत नाहीत, सोगा तोंडाला लावत नाहीत. भर रस्त्यातनं मोठ्यानं म्हणतात, "बियर!"

मी बरणीकडे बोट दाखवतो. "आज न्हाय, गुरुजी. आज ती रुसलीया."